गाडीच्या आधी हेल्मेट : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची निघाली. खिसा लहान आहे, पण गाड्यांच्या शर्यतीत उतरायचंय, सुरुवात कुठून करू? म्हणून हे सदर या वेळी सगळं त्याच विषयाला दिलंय. नवीन वाचकांसाठी सांगतो, माझं कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेज आहे आणि सुट्टीच्या दिवशी मी ऑटोक्रॉस (मैदानात कोन, म्हणजे शंकू, मांडून आखलेल्या वाटेवर घड्याळाशी लावलेली शर्यत) आणि रॅलीच्या ठिकाणी स्क्रूटिनीला, म्हणजे शर्यतीआधी गाडी आणि सामान तपासायला उभा असतो. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

वय 24. इचलकरंजीत प्रोसेसिंग युनिटमध्ये सुपरवायझर आहे. घरची जुनी पेट्रोल स्विफ्ट आहे, दीड लाख साठवलेत. रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं), फ्री-फ्लो सायलेन्सर आणि सतरा इंची अलॉय एवढं करून ऑटोक्रॉसला उतरावं म्हणतो. बरोबर चाललंय का? – एक वाचक, इचलकरंजी

नाही. या तिन्हींतलं काहीच आत्ता करू नका.

ऑटोक्रॉसमध्ये गट पडतात ते इंजिनच्या सीसीवर, आणि गाडी कंपनीतून आली तशीच आहे की बदललेली, यावर. तुमची 1200 सीसीची स्विफ्ट जशी आहे तशी आणलीत तर गाठ तिच्यासारख्याच गाड्यांशी पडेल. रीमॅप आणि सायलेन्सर केलात की तुम्ही बदललेल्या गाड्यांच्या गटात जाता. तिथं समोर असतात हलक्या केलेल्या, सस्पेन्शन बदललेल्या, चार-पाच सीझन मेहनत घेऊन तयार केलेल्या गाड्या. पैसे गेले आणि नंबरही गेला. सतरा इंची अलॉय तर बहुतेक वेळा मूळ चाकापेक्षा जड भरतं, आणि कोनांमधून सारखं थांबत-सुटत जाताना ते वजन फिरवायला तुमच्या इंजिनाचीच ताकद खर्ची पडते.

दीड लाखातला पहिला खर्च हेल्मेटवर करा. काही लहान स्पर्धांत दुचाकीचं फुल-फेस हेल्मेट चालवून घेतात, तरी माझा सल्ला तोच. दुचाकीचं हेल्मेट रस्त्यावर पडण्यासाठी बनवलेलं असतं. मोटारशर्यतीचं हेल्मेट, हेल्मेटची मानकं ठरवणाऱ्या स्नेल संस्थेच्या 'एसए' मानकाचं किंवा एफआयएच्या, म्हणजे मोटारशर्यतींच्या जागतिक संघटनेच्या, 8859 मानकाचं असतं. त्याचं अस्तर सहजासहजी पेट घेत नाही आणि डोकं रोल केजच्या, म्हणजे गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून आत बसवलेल्या सांगाड्याच्या, पाइपवर आपटेल हे धरून एसए मानकाची चाचणी ठरवलेली आहे. मानकाचा स्टिकर हेल्मेटच्या आत असतो, बहुधा अस्तराखाली. आम्ही टेबलावर तोच बघतो. बाहेरून लावलेल्या चकचकीत स्टिकरला तिथं काही किंमत नाही.

दुसरा खर्च ब्रेकवर, आणि तो फार मोठा नाही. पॅड नवे टाका आणि ब्रेक ऑइल पूर्ण बदला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. बाटलीवर त्याचा प्रकार लिहिलेला असतो. नवं डॉट-3 किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, नवं डॉट-4 किमान 230 पर्यंत. पाणी शोषल्यावर हेच मानक अनुक्रमे 140 आणि 155 वर येतं. रस्त्यावर तुम्हाला हे कधी जाणवणार नाही. ऑटोक्रॉसमध्ये एका मागोमाग एक दाबून ब्रेक लावले की कॅलिपरमधलं (पॅड दाबणाऱ्या भागातलं) जुनं ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल पायाखाली स्पंजासारखं खाली जातं. गाडी थांबायची तिथं थांबत नाही. बाटलीवर डॉट-4 बघून घ्या, सीलबंद घ्या, उरलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. डॉट-5 मात्र सिलिकॉनचं असतं, ते तुमच्या गाडीत घालायचं नाही.

उरलेले पैसे बँकेत तसेच राहू द्या. हे ऐकायला कंटाळवाणं वाटेल, पण सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. तुमच्या विम्याचे कागद काढून 'वापराच्या मर्यादा' वाचा. ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल या गोष्टी त्यातून वगळलेल्या असतात. ऑटोक्रॉसमध्ये गाडी बांधावर गेली, रेडिएटर फुटला, चेसिस वाकली, तर विमा कंपनीकडे हात पसरता येत नाही. म्हणून घरची गाडी शर्यतीत न्यायची तर आधी घरच्यांसमोर बसून एक प्रश्न मिटवा: ही गाडी उद्या जायबंदी झाली तर सोमवारी कामावर आणि दवाखान्यात कशानं जायचं? उत्तर नसेल तर अजून वर्षभर थांबा, पैसे साठवा, जुनी वेगळी गाडी घ्या.

त्या वर्षभरात हात बांधून बसायची गरज नाही. मार्शल म्हणून, म्हणजे वळणावर झेंडा घेऊन उभा राहणारा मदतनीस म्हणून या. प्रत्येक स्पर्धेला माणसं कमी पडतात, प्रवेश फी नसते, आणि दिवसभर वळणाच्या कडेला उभं राहिलात की कोण कुठं ब्रेक लावतो, कोण लवकर ॲक्सिलरेटर देऊन बाहेर फेकला जातो, हे जितकं दिसतं तितकं मोबाइलवरच्या व्हिडिओंत दिसत नाही. स्पर्धांचं वेळापत्रक आणि परवान्याचे नियम एफएमएससीआयच्या, म्हणजे आपल्या मोटारशर्यतींच्या राष्ट्रीय संघटनेच्या संकेतस्थळावर असतात. अर्ज ऑनलाइन होतो आणि स्पर्धेच्या प्रकारानुसार परवान्याचा वर्ग बदलतो. तेव्हा कशात उतरायचं ते ठरवून मगच अर्ज भरा.

आणि जेव्हा गाडी घेऊन याल तेव्हा आदल्या रात्री ती रिकामी करा. जॅक, पाना, स्टेपनी, डिकीतलं पोतं, दारातली पाण्याची बाटली, सगळं बाहेर. मी गाडी तपासताना पहिल्यांदा वाकून ड्रायव्हरच्या सीटखाली हात घालतो. तिथून सुटलेली बाटली वळणावर घरंगळत ब्रेक पेडलखाली जाते. मग बॅटरी हातानं हलवून बघतो, क्लॅम्पमध्ये जरासुद्धा हलली तर गाडी परत. मग चाक वर-खाली धरून हलवतो, बेअरिंग आणि बॉल जॉइंटची ढिलाई तिथंच कळते. या सगळ्याला पैसे लागत नाहीत आणि तरी निम्म्या नव्या मुलांच्या गाड्या इथंच अडतात.

मी 31 वर्षांची, शाळेत गणित शिकवते. गाडी चालवायला मनापासून आवडतं, पण वेगाच्या शर्यतीला घरून परवानगी मिळणार नाही आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटते. माझ्यासारखीसाठी काही आहे का? – एक वाचक, नाशिक

ताई, तुमच्यासाठी टीएसडी रॅली आहे, आणि गणिताच्या शिक्षिकेला तर ती सोन्याहून पिवळी.

टीएसडी म्हणजे टाइम, स्पीड, डिस्टन्स. गाडी साधी, घरचीच. गाडीत दोघं, एक चालवणार आणि एक नेव्हिगेटर. चालू रस्त्यावर, वाहतुकीचे सगळे नियम पाळून, आयोजकांनी दिलेला सरासरी वेग सेकंदा-सेकंदाला धरून चालायचं. वाटेत कुठंतरी टाइम कंट्रोल, म्हणजे तुमची वेळ नोंदवणारा थांबा, असतो, तो कुठं आहे हे आधी कळत नाही. उशिरा पोहोचलात तरी दंड, लवकर पोहोचलात तरी दंड, आणि लवकरचा बहुधा जास्त. म्हणजे भरधाव जाणारा इथं हरतो.

नेव्हिगेटरच्या हातात रोडबुक असतं. त्यात अंतरं आणि 'ट्यूलिप' म्हणजे प्रत्येक फाट्याचं छोटं रेखाचित्र: कुठून आलात तो ठिपका, कुठं जायचं तो बाण. आता समजा रोडबुक म्हणतं, इथून सरासरी 36. हा आकडा ऐकला की नेव्हिगेटर खूश होतो, कारण ताशी 36 किलोमीटर म्हणजे मिनिटाला 600 मीटर, सेकंदाला बरोबर 10 मीटर. 5.4 किलोमीटरला तुमच्या घड्याळात 9 मिनिटं व्हायला हवीत. पण वाटेत उसाचा ट्रॅक्टर आडवा आला आणि तिथं पोहोचलात तेव्हा 9 मिनिटं 40 सेकंद झालेत. 40 सेकंद मागे म्हणजे 400 मीटर मागे. ड्रायव्हरला नुसतं 'जोरात घे' म्हणून चालत नाही, कारण कंट्रोल पुढच्या वळणावरच असेल. तुम्ही सांगायचं, '48 धर.' ताशी 48 म्हणजे सेकंदाला साधारण 13.3 मीटर, म्हणजे दर सेकंदाला 3.3 मीटरची भरपाई, म्हणजे दोन मिनिटांत 400 मीटर. दोन मिनिटांत गाडी 1.6 किलोमीटर जाईल. 7.0 किलोमीटरच्या खुणेला घड्याळ 11 मिनिटं 40 सेकंद दाखवेल आणि 36 च्या हिशेबानं तिथं तेवढेच हवेत. तिथं म्हणायचं, 'परत 36.' हे चालत्या गाडीत, खड्ड्यांत, मांडीवर पॅड ठेवून तोंडी करायचं. मला विचाराल तर मोटारस्पोर्टमधलं याच्याइतकं सुंदर काम दुसरं नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच शिका. रोडबुक आयोजकांच्या गाडीनं मोजलेलं असतं आणि तुमच्या गाडीचा मीटर त्याच्याशी जुळत नाही. म्हणून सुरुवातीला मोजणीचा टप्पा देतात. रोडबुक तिथं 10.00 म्हणतंय आणि तुमचा मीटर 10.30, तर पुढचं प्रत्येक अंतर 1.03 नं गुणून घ्यायचं. मैत्रिणीला ड्रायव्हर करा, तुम्ही पॅड घ्या. सामान म्हणजे सेकंद दाखवणारं घड्याळ, पेन्सिल, कागद आणि रात्रीसाठी छोटा दिवा. टायरमध्ये हवा सकाळी भरा आणि मोजणीच्या टप्प्यानंतर तिला हात लावू नका, नाहीतर गुणक बदलेल.

परवानगीचं म्हणाल, तर पहिल्या रॅलीला घरच्यांना सुरुवातीच्या ठिकाणी घेऊन या. सीट बेल्ट लावलेल्या, नंबर चिकटवलेल्या घरगुती गाड्या एकेका मिनिटानं सुटताना पाहिल्या की बराच विरोध तिथंच मावळतो.

माझ्या मेहुण्याचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रिल, शेड सगळं करतो. तयार रोल केज परवडत नाही, तर त्याच्याकडून बनवून घेतला तर चालेल का? पाइप त्याच्याकडे पडून आहे. – एक वाचक, सातारा

मेहुण्याच्या हातावर माझा अविश्वास नाही. त्याच्याकडे पडलेल्या पाइपवर आहे.

गेट-ग्रिलचा पाइप बहुतेक ईआरडब्ल्यू असतो, म्हणजे पत्रा गोल वळवून शिवण वेल्ड केलेला. तुकडा कापा आणि बोट आत घालून फिरवा, शिवणीची धार लागेल. रोल केजला एफआयएच्या नियमात कोल्ड-ड्रॉन सीमलेस कार्बन स्टील सांगितलंय, ताण सोसायची ताकद किमान 350 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. ड्रायव्हरच्या मागची मुख्य कमान 45 मिलिमीटर व्यासाची आणि 2.5 जाडीची, किंवा 50 आणि 2.0. बाकीचे पाइप 38 आणि 2.5, किंवा 40 आणि 2.0. पाइप विकत घेताना मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, आणि सर्टिफिकेटावरचा हीट नंबर (पोलादाच्या घाण्याचा नंबर) पाइपवरच्या नंबराशी जुळवून घ्या.

वाकवणं थंडच. तापवून, वाळू भरून वाकवलेला पाइप आणू नका. वळणाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या किमान तिप्पट. वाकवल्यावर वळणाच्या मध्यावर व्हर्नियर लावा. तिथं पाइप थोडा चपटा होतोच, पण लहान व्यास मोठ्याच्या 0.9 पटीपेक्षा कमी नको. मोठा व्यास 45 धरला तर लहान व्यास 40.5 च्या खाली गेला की ती कमान भंगारात. वेल्ड पाइपच्या पूर्ण गोलाईला हवा. खालची बाजू गाडीच्या फ्लोअरजवळ येते, वेल्डिंगचा टॉर्च पोहोचत नाही, आणि तिथंच लोक अर्धा वेल्ड सोडून वरून रंग मारतात. म्हणून रंग मारण्याआधी स्क्रूटिनिअरला दाखवा. बहुतेक जण आनंदानं बघतात. पायाची प्लेट किमान 3 मिलिमीटर जाडीची, बॉडीच्या पत्र्यावरची मजबुतीची प्लेट किमान 120 चौरस सेंटिमीटर, प्रत्येक पायाला 8.8 ग्रेडचे किमान तीन एम-8 बोल्ट. फ्लोअरचा पत्रा गंजलेला असेल तर आधी तो कापून नवा बसवा. कुजक्या पत्र्यावर उभा केलेला केज उलटल्यावर खालून फ्लोअर फाडून आत येतो.

आता यापेक्षा महत्त्वाचं. केज घातलेली गाडी रोज रस्त्यावर वापरायचा विचार असेल तर केज घालूच नका. हेल्मेट नसताना साध्या धडकेतही डोकं त्या पाइपवर जातं, आणि मागच्या सीटवर मुलं बसत असतील तर बोलायलाच नको. शिवाय असा बदल आरटीओच्या नियमात बसत नाही. केज म्हणजे ती गाडी फक्त शर्यतीची झाली, ट्रॅकपर्यंत टोइंगवर नेण्याचा खर्चही बजेटमध्ये आला. आणि साध्या सपाट मैदानावरच्या ऑटोक्रॉसला सुरुवातीच्या गटांत केज बहुधा मागतही नाहीत. नियमावली आधी वाचा, कदाचित तुम्हाला आत्ता त्याची गरजच नसेल.

माझा मुलगा 20 वर्षांचा. रात्री मित्रांबरोबर बायपासवर गाड्या पळवतो. रागावून, किल्ल्या काढून घेऊन झालं. म्हणतो, 'ट्रॅकवर जायला पैसे कुठं आहेत?' काय करू? – एक वडील, पुणे

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

कायद्याचं आधी. मोटार वाहन कायद्याचं कलम 189 सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीसाठी आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास वर्षभरापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुणाला इजा झाली तर गोष्ट या कलमापुरती राहत नाही. हे त्याला शांतपणे वाचायला द्या.

पण दंडाच्या भीतीनं वीस वर्षांचा मुलगा थांबत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. त्याला मार्शलच्या कामाला लावा. खरंच लावा. पुढच्या ऑटोक्रॉसच्या आयोजकांना फोन करून सांगा की एक मुलगा हवा असेल तर पाठवतो. बायपासवर त्याच्या बाजूला टायरची भिंत नसते, रुग्णवाहिका नसते, समोरून दूधवाला येणारच नाही याची खात्री नसते. इथं त्याच्या हातात झेंडा असेल आणि गाडी उलटली की सगळ्यात आधी धावायचं काम त्याचं असेल. रात्री पळवणारी मुलं इथं आली आणि दुसऱ्या वर्षी हेल्मेट घालून स्टार्ट लाइनवर उभी राहिली, असं मी पाहिलेलं आहे. सगळीच नाही, पण बरीच.

पैशाचं त्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे. बायपासवर एका महिन्यात जाळलेलं पेट्रोल, झिजलेले टायर आणि क्लच प्लेट यांची बेरीज दोघांनी बसून करा. ऑटोक्रॉसची एक प्रवेश फी बहुधा त्यातच निघते.

मी बारावीला आहे, बार्शीजवळच्या गावचा. वडील शेतकरी. मला फॉर्म्युला वनमध्ये जायचंय. घरची परिस्थिती साधी आहे. खरं खरं सांगा. – एक विद्यार्थी, सोलापूर जिल्हा

खरंच सांगतो. फॉर्म्युला वनच्या सीटवर बसणारी मुलं सात-आठ वर्षांची असताना कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांची शर्यत, सुरू करतात आणि त्यांच्यामागं पहिल्या दिवसापासून मोठा पैसा उभा असतो. भारतातून त्या सीटपर्यंत पोहोचलेले दोघंच, 2005 मध्ये नारायण कार्तिकेयन आणि 2010 मध्ये करुण चंधोक. बारावीनंतर, शेतीच्या उत्पन्नावर, ड्रायव्हर म्हणून तो रस्ता तुझ्यासाठी उघडा नाही. वडिलांना कर्ज काढायला लावू नकोस.

पण त्या गाडीच्या आजूबाजूला शेकडो माणसं काम करतात आणि त्यांच्यापर्यंत जाणारा रस्ता तुझ्या घरापासून सुरू होऊ शकतो. इंजिनीअरिंगला प्रवेश घेताना कॉलेजचं नाव बघ, फी बघ, आणि तिसरी गोष्ट बघ, त्या कॉलेजचा फॉर्म्युला स्टुडंट किंवा बाहाचा (खडबडीत वाटेवरची गाडी बांधायच्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेचा) संघ आहे का. महाराष्ट्रात अशी कॉलेजं बरीच आहेत. फॉर्म्युला स्टुडंटमध्ये विद्यार्थी छोटी एकसीटर गाडी स्वतः डिझाइन करून बांधतात. पेट्रोल गाडीचे बहुतेक संघ मोटरसायकलचं इंजिन घालतात, आणि नियमानं सगळी हवा 20 मिलिमीटरच्या एका भोकातूनच आत घ्यावी लागते. त्या 20 मिलिमीटरमधून जास्तीत जास्त ताकद कशी काढायची, यावर मुलं महिने घालवतात. फॉर्म्युला भारत ही अशा संघांची स्पर्धा कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरत आली आहे. ती गाडी चालवणारेही विद्यार्थीच असतात. म्हणजे ट्रॅकवर, रेसिंग सूट घालून, एकसीटर चालवायची संधी वडिलांच्या खिशाला हात न लावता मिळू शकते. ती संघात घाम गाळलेल्यांना मिळते.

ज्या एस. करिवर्धन यांच्या नावानं तो ट्रॅक आहे त्यांच्याबद्दल वाच. त्यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मारुती 800 चं इंजिन घालून भारतात एकसीटर रेसिंग गाड्या बांधल्या. परदेशी गाडी परवडत नाही म्हणून आपल्या रस्त्यावरचं सगळ्यात स्वस्त इंजिन घेतलं. कार्तिकेयनची पहिली शर्यत याच, फॉर्म्युला मारुती गाड्यांत झाली. 1995 मध्ये करिवर्धन विमान अपघातात गेले, पण स्वस्तात एकसीटर हा विचार दक्षिणेत टिकला. आजच्या फॉर्म्युला एलजीबी 4 या एकसीटर गाडीतही स्विफ्टचं 1300 सीसीचं इंजिन असतं.

कोल्हापूरला आलास तर मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंगचा ट्रॅक बघ, तिथं राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. आणि बारावीचं गणित आणि फिजिक्स मनापासून कर.

आयटीत आहे, वय 38. वर्षाला दोन-अडीच लाख या छंदावर घालू शकतो. ऑटोक्रॉस करून झालं, आता ट्रॅकवर खरी शर्यत करायची आहे. जुनी एस्टीम घेऊन तयार करू की टीमकडून गाडी भाड्यानं घेऊ? – एक वाचक, पुणे

भाड्यानं घ्या. एस्टीमवर माझं प्रेम आहे. मारुतीच्या या गाडीच्या 1300 सीसीच्या इंजिनानं भारतातल्या टूरिंग कार रेसिंगची (रस्त्यावरच्या गाड्या तयार करून केलेल्या शर्यतींची) एक पिढी वाढवली, आणि अजूनही ती धावते. पण आपले मोठे ट्रॅक दक्षिणेत. कोइम्बतूरजवळ कारी, 2.1 किलोमीटरचा. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा, 3.7 किलोमीटरचा. उत्तरेत ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, तो एक तर दूर आणि महागही. पुण्याहून गाडी ट्रेलरवर हजार किलोमीटरच्या पुढं न्यायची, मेकॅनिक न्यायचा, त्याचं राहणं, सुटे भाग, आणि शनिवारी सरावात गिअरबॉक्स गेला तर रविवार बसून काढायचा. दोन-अडीच लाखात हे एखाद्याच फेरीला जमेल.

भाड्याच्या गाडीत टीम गाडी, मेकॅनिक, जागेवरचं सगळं देते. तुम्ही हेल्मेट, सूट आणि परवाना घेऊन जायचं. बोलणी करताना आकड्याआधी हे विचारा: सरावाची सत्रं किती? टायर नवे की मागच्या फेरीचे? इंजिन फुटलं तर कुणाच्या खर्चानं, आणि गाडी आदळली तर भरपाईची वरची मर्यादा किती? ही मर्यादा कागदावर लिहून घ्या. तोंडी 'बघू नंतर' म्हणणाऱ्याकडे गाडी घेऊ नका. एका वळणावर कुणीतरी मागून येऊन धडकतं, चूक तुमची नसते, पण बिल तुमच्या नावानं निघतं. तेवढी रक्कम आधीच बाजूला काढा आणि तिला हात लावू नका. म्हणजे अडीच लाखात वर्षाला एखाद-दुसरीच फेरी होईल. होऊ द्या. नवशिक्यांसाठी वेगळा गट असेल तिथंच नाव घाला, मोठ्या गटात शेवटी पळण्यात काही शिकायला मिळत नाही.

आणि जाण्याआधी झेंडे पाठ करा. पिवळा हलला की वेग कमी, ओव्हरटेक नाही. निळा म्हणजे मागून जलद गाडी येतेय. लाल म्हणजे शर्यत थांबली. पिवळ्याखाली ओव्हरटेक करणाऱ्याला मी कधी सांभाळून घेत नाही, कारण त्या वळणाच्या पलीकडे एखादा मार्शल पाठ फिरवून काच उचलत असतो.

मिशिगनमध्ये असते, मूळची सांगलीची. इकडे कमी खर्चात काय करता येईल? – एक वाचक, अमेरिका

तुमच्याकडं सोपं आहे. एससीसीए ही 1944 पासूनची संघटना 'सोलो' नावानं पार्किंगच्या मैदानांवर ऑटोक्रॉस घेते, रोजची गाडी चालते, आणि बऱ्याच ठिकाणी हेल्मेट उसनं मिळतं. त्यानंतर मित्रमंडळी जमवून '24 अवर्स ऑफ लेमन्स' बघा. 2006 पासून चालणारी ही शर्यत 500 डॉलरच्या गाड्यांची म्हणून ओळखली जाते. पण नियम नीट वाचा. रोल केज, सीट, हार्नेस (शर्यतीचा सीट बेल्ट), ब्रेक, टायर यांचा खर्च त्या 500 डॉलरमध्ये धरतच नाहीत. गाडी कितीही स्वस्त असली तरी जिवाच्या सामानावर मर्यादा नको, हे तिथल्या लोकांनी नियमातच लिहून ठेवलंय. मला ते फार आवडतं.

सेकंडहँड हार्नेस मिळतोय, नव्याच्या एक तृतीयांश किमतीत. घेऊ का? – एक वाचक, अहिल्यानगर

लेबल बघा. एफआयए मानकाच्या पट्ट्यावर तो कधीपर्यंत चालतो ते वर्ष शिवलेलं असतं, साधारण बनवल्यापासून पाच वर्षं. ते वर्ष उलटून गेलं असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका. वर्ष शिल्लक असेल तर विकणाऱ्याला विचारा, गाडी आदळली होती का. आदळलेल्या गाडीतला पट्टा एकदा ताणून झालेला असतो, तो दुसऱ्यांदा तसाच धरेल याचा भरवसा नाही. पट्टा उन्हात धरून विणीचे धागे बघा, कडेला फुसफुसलेले असतील तर सोडा. बकल दहा-वीस वेळा लावून काढा, एकदा जरी अडकलं तरी सोडा. आणि लेबल कापून टाकलेलं असेल तर पैसे देऊ नका, आमच्या टेबलावर तो पट्टा तिथंच बाद होतो.